शब्बाथ पाळणे आणि शब्बाथ देणे

चौथी आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आली आहे, हे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या दोन ठिकाणी तिची कारणे निरनिराळी दिली आहेत, इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. निर्गमाच्या २० व्या अध्यायात देवाने सहा दिवसांत सृष्टी उत्पन्न करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण सांगितले आहे. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात मोशे तीच आज्ञा लोकांस पुन्हा ऐकवितो, तेव्हा तो उत्पत्तीचा उल्लेख करीत नाही. तेथे तो इस्राएल लोकांस मिसरातील त्यांच्या दास्याची आठवण देतो, आणि तुमच्या दासदासींस तुमच्यासारखाच विसावा मिळावा एवढ्याकरिता हा दिवस पाळा, असे सांगतो. पहिले कारण आपली मुले शब्बाथशाळेत पाठ करितात. दुसरे कारण उपदेशातूनही क्वचितच ऐकू येते. ते बाजूस पडल्यामुळे आपल्या रविवारास एक प्रकारचा कोरडेपणा आला आहे, असे आम्हांस वाटते, आणि त्याविषयीच ह्या लेखात चार शब्द लिहावयाचे आहेत. यहूद्यांचा शब्बाथ शनिवारी व आपला प्रभुवार रविवारी, हा भेद सर्वांस माहीत आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

आज्ञेचे शब्द लक्षपूर्वक वाचले म्हणजे ती कोणास उद्देशून आहे हे उघड होते. ज्याच्या हाताखाली दुसरे कोणी राबते, अशा मनुष्यास ती सांगितली आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, अशी यादीच तेथे दिली आहे. जो धनी स्वतः घरी बसतो व गड्यास शेतावर पाठवितो, त्याने ही आज्ञा अर्धीसुद्धा पाळली असे म्हणता येत नाही. ह्या यादीत पत्नीचे नाव नाही. ती 'तू' ह्या शब्दातच आली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे, व ते खरे असावे. तथापि रविवारी दुपारी आपल्या घरोघरच्या चुली पाहिल्या म्हणजे ती खरोखरच यादीतून गळाली की काय, अशी शंका येते.

सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यास ही गोष्ट समजावयाला यहूदी देशात जावयास नको. आपल्याकडे बेंदूर असतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाने सोललेल्या त्यांच्या खांद्यांस हळद व लोणी चोळतात. बेंदराच्या दिवशी बैल धुतात, त्यांची शिंगे रंगवितात, त्यांस पुरणपोळी चारतात, आणि कितीही अडले तरी त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलाची पूजा आपण करीत नाही. परंतु त्या दिवशी जू खाली ठेविलेले असते, ह्यात जे सत्य आहे ते आपण पूजेबरोबर टाकून देऊ नये. निर्गमाच्या २३ व्या अध्यायात विसाव्याची आज्ञा पुन्हा आली आहे. तेथे बैलाचे व गाढवाचे नाव आधी आहे, आणि त्यामागून दासीच्या मुलाचे व परक्याचे. शेजारचा शेतकरी वर्षातून एकदा जे करितो, ते आपणांस वर्षातून ५२ वेळा करावयास सांगितले आहे. आणि ते केवळ बैलाकरिता नाही.

आता कोणी म्हणेल की, तर मग रविवार पाळण्याचे जे नियम आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिले ते सर्व व्यर्थच का? तसे आम्ही म्हणत नाही. उलट त्या नियमांची पहिली किंमत काय होती, हे विसरल्यामुळेच आपण त्यांस केवळ नियम समजू लागलो आहो.

ज्या घराण्यांतून आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी पुष्कळांच्या मागे गावकीचे काम लागलेले होते. महारकी हे वतन म्हणवीत. पण ते वतन असे होते की त्याला दिवस नव्हता व रात्रही नव्हती. सरकारी टपाल पोहोचविणे, सारा गोळा होताना लोकांस बोलावून आणणे, येणाऱ्या अंमलदाराची सरबराई करणे, मेलेले जनावर ओढणे, सांगावा घेऊन दहा कोस जाणे, ह्यांतील कोणत्या कामाकरिता केव्हा हाक येईल ह्याचा नेम नसे, आणि घरातील एक आजारी असला तर दुसऱ्याने जावे लागे. ज्यांचे बाळपण साताऱ्यात गेले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणिले होते. ही कनिष्ठ वतने कायद्याने नाहीशी करण्याकरिता मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. अशा स्थितीतील मनुष्य जेव्हा पहिल्याने म्हणाला असेल की आज रविवार आहे, आज मी येणार नाही, तेव्हा त्या एका वाक्यात केवढा मोक्ष भरलेला होता! मिसरातून निघालेल्या लोकांस ही आज्ञा का दिली, हे त्यास कोणा टीकाकाराने सांगावे लागले नसेल. त्याच्याकरिता नियम हीच दया होती. नियम कडक होता तेवढा बरा, कारण कडक नियमाच्या आड त्यास उभे राहता येत होते.

कोकणातील बेने इस्राएल लोकांचे उदाहरण ह्याच जातीचे आहे. हे यहूदी लोक कित्येक शतके आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून तेल गाळण्याचा धंदा करून राहिले. मराठी त्यांची भाषा झाली; पोशाखही इकडचाच झाला. परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. स्वधर्माच्या ग्रंथांशी संबंध तुटला असताही त्या लोकांजवळ जे थोडे राहिले, त्यात हा दिवस राहिला. त्या नावात एक गोष्ट सहज दिसते. घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा.

परूशी लोकांविषयी बोलताना आपण ही बाजू ध्यानात ठेविली पाहिजे. आपल्या उपदेशांतून परूशी हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, तो न्याय नव्हे. परचक्राखाली राहिलेल्या लहानशा राष्ट्राने आपला एक दिवस कोणासही न देण्याचा निश्चय केला होता, आणि त्या दिवसाभोवती ते कुंपण घालीत गेले. जीव वाचविण्याकरिता शब्बाथ मोडावा, हे यहूद्यांचे शास्त्रीही सांगत असत व आजही सांगतात. म्हणजे प्रभु येशूचा व त्यांचा वाद मरणाऱ्यास वाचवावे की नाही, असा नव्हताच. ही गोष्ट लक्षात आली नाही तर त्या वादाचे मर्म हाती लागत नाही.

लूकाच्या १३ व्या अध्यायातील स्त्रीचे उदाहरण घ्या. ती १८ वर्षे वाकलेली होती व तिला सरळ उभे राहता येत नव्हते. आपल्याकडे भाताची लावणी, खुरपणी, डोक्यावरील पाण्याच्या घागरी, पाठीवरील भारे, ह्यांनी अकाली वाकलेल्या बाया कोणत्या गावी नाहीत? ही स्त्री काही त्या दिवशी मरत नव्हती. १८ वर्षे गेली तशी आणखी एक रात्र गेली असती. सभास्थानाच्या अधिकाऱ्याचे म्हणणे हेच होते की, बरे होण्याकरिता सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. हिशेबाने पाहता त्याचे बोलणे चुकीचे नाही. वाळलेल्या हाताच्या मनुष्याचेही तसेच. तो दुसरे दिवशी बरा झाला असता तरी काही बिघडत नव्हते. अशा वेळी प्रभूने उद्यावर का टाकिले नाही?

त्याने दिलेले उत्तर शेतकऱ्याचे उत्तर आहे. तुम्हांपैकी प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतो की नाही, असे तो त्यांस विचारतो. दाव्याची गाठ सोडणे हे त्या दिवशी चालते. मग ह्या स्त्रीचे बंधन त्या दिवशी सोडू नये काय? येथे प्रभु शब्बाथास अपवाद मागत नाही. शब्बाथ मोडला तर मोडला, पण दया केली पाहिजे, असे तो म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे दिसते की, बांधलेल्यास सोडणे हेच ह्या दिवसाचे काम. १८ वर्षांत जितके शब्बाथ आले, त्या प्रत्येक शब्बाथी ती सुटावयास पाहिजे होती. दासांस विसावा देण्याकरिता नेमिलेल्या दिवशी एक दासी सुटली, तर तो दिवस पाळला गेला की मोडला गेला? देवास यज्ञापेक्षा दया अधिक आवडते, हे होशेय संदेष्ट्याचे सांगणे प्रभूने कणसे मोडण्याच्या वादात परूश्यांस दाखविले, ते ह्याच अर्थाने. ते कणसे मोडणारे शिष्य भुकेले होते, हे मत्तयाने मुद्दाम नमूद केले आहे. आज्ञेने ज्यांच्या पोटाची व पाठीची काळजी वाहिली, त्यांच्यावरच ती आज्ञा काठीसारखी उगारली गेली, ह्याचे प्रभूस दुःख झाले.

मिरजेच्या दवाखान्याचे नाव ह्या प्रांतात ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. डॉ. विल्यम जेम्स वान्लेस हे १८८९ साली ह्या देशात आले; प्रथम त्यांनी सांगलीस औषधे देण्यास आरंभ केला, आणि १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. १८९७ पासून तेथे वैद्यकीचे शिक्षण देऊ लागले. अशा ठिकाणी रविवार कसा पाळावयाचा? आजाऱ्यास रविवार नाही. ताप रविवारी उतरत नाही, बाळंतीण सोमवारपर्यंत थांबत नाही, जखमेची पट्टी सहा दिवसच बदलून भागत नाही. परिचारिका प्रार्थनेच्या वेळी मंदिरात नसते, कारण ती खाटेपाशी असते. तिचा रविवार बुडाला असे समजून तिची कीव करणारे लोक आपल्यांत आहेत. आम्हांस वाटते की, त्या घटकेस तिच्याइतका रविवार दुसऱ्या कोणी पाळला नसेल. पण येथेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिने रविवार दुसऱ्यास दिला, म्हणून तिला स्वतःस विसावा नको, असा अर्थ कोणी काढील तर ते दयेच्या नावाखाली दुसरे मिसर होईल. तिला दुसरा वार मोकळा मिळालाच पाहिजे, आणि तो मिळतो की नाही हे पाहणे देणाऱ्यांचे काम आहे. तिने तोंडाने मागावा ह्याची वाट पाहू नये.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला, तो पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची मानितात. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. ता. ८ रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटून जाणाऱ्या लोकांची नाव उलटली व पुष्कळ जण बुडाले. ता. ११ रोजी रविवार होता, आणि पाणी अद्याप धोक्याच्या रेषेखाली आलेले नव्हते. त्या रविवारी शाळांतून व मंगल कार्यालयांतून लोक दाटीने राहिले होते. कोणी भाकऱ्या थापीत होते, कोणी गुरांकरिता चारा गोळा करीत होते. अशा दिवशी उपासना झाली नाही म्हणून कोणाच्या मनास टोचणी लागली असेल, तर त्याने लूकाचा १४ वा अध्याय उघडावा. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्यास लगेच वर काढता की नाही, असा प्रश्न तेथे आहे, आणि ऐकणाऱ्यांस त्यावर काही बोलता आले नाही.

पुराचा प्रश्न सोपा आहे. संकट मोठे असले म्हणजे दया कोणासही सुचते. अवघड प्रश्न साध्या रविवारचे आहेत.

एका शेतकऱ्याची कालव्याच्या पाण्याची पाळी रविवारी सकाळी येते. ती चुकली तर पुढची पाळी येईपर्यंत पीक वाळते. दुसऱ्याच्या शेतपंपास वीज पाळीपाळीने, बहुधा रात्रीची, मिळते. रात्रभर दारे धरून तो पहाटे घरी येतो व उपासनेच्या वेळी झोपलेला असतो. तिसऱ्याच्या घरी दुभती म्हैस आहे, आणि डेअरीचा काटा दोन्ही वेळ सुरू होतो. चौथी बाई रोजंदारीने भांगलण करिते. रविवारी येत नसशील तर सोमवारीही येऊ नकोस, असे तिला सांगण्यात आले आहे. ह्यांची नावे मंडळीच्या वहीत गैरहजेरीच्या खाली लिहिली जातात. तिसऱ्या खेपेस पाळकबोवा वा उपदेशक त्यांच्या घरी जातात व ताकीद देतात. आम्ही विचारितो, त्या घरी जाताना कोणी असे विचारिले काय की, बाई, तुझी रविवारची मजुरी किती बुडते, आणि ती आपण सर्वांनी मिळून कशी भरून काढावी? पाण्याची पाळी असणाऱ्याच्या जागी एका रविवारी दुसऱ्या भावाने उभे राहावे, असे कोणी सुचविले काय? जर नाही, तर आपण त्यांच्यावर आज्ञा घातली पण आज्ञेतील विसावा त्यांस दिला नाही. मत्तयाच्या २३ व्या अध्यायात दुसऱ्यांच्या खांद्यांवर जड ओझी ठेवून स्वतः बोटही न लावणाऱ्यांविषयी जे आहे, ते वाचण्याचे धैर्य आम्हांस पाहिजे.

परंतु ह्याची दुसरी बाजू आहे, आणि ती दडविणे योग्य नव्हे. दयेचे व गरजेचे नाव पुढे करून लोभ पुष्कळदा आत शिरतो. रविवारी दुकान उघडे ठेविले नाही तर गावाची गैरसोय होईल, असे म्हणणारा मनुष्य गावाच्या सोयीचा विचार इतर वारी किती करितो हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. आमोसाच्या काळचे व्यापारीही शब्बाथ केव्हा संपेल व धान्य केव्हा विकू म्हणून उतावीळ झाले होते. आणि त्याच श्वासात संदेष्टा त्यांचे लहान माप व खोटा तराजू दाखवितो. ज्याला विसाव्याचा दिवस अडचणीचा वाटतो, तो बहुधा दुसऱ्याच्या मापातही हात मारितो, असा ह्या दोन गोष्टींचा संबंध आहे. आपले काम दयेचे की लोभाचे, हे ओळखण्यास फार शास्त्र नको. ह्या कामाने कोणाचे ओझे हलके होते? माझे स्वतःचे पोट व माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांचे पोट सोडून, ह्यात नफा कोणाचा? आणि मी हे करावे म्हणून आणखी कोणास रविवारी राबावे लागते? तिसऱ्या प्रश्नाशी पुष्कळ जण अडखळतील.

ह्या देशात मजुरास रविवार मिळाला तो कसा, हा इतिहास आपल्या लोकांस माहीत असावा. मुंबईच्या कापडगिरण्यांत मजुरांस आठवड्याची नेमलेली सुटी नव्हती. राज्य ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे होते, त्यांच्या देवळांतील घंटा रविवारी वाजत होत्या, आणि गिरणीचा भोंगाही वाजत होता. त्याविरुद्ध जो मनुष्य उभा राहिला तो ख्रिस्ती नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजातले, व 'दीनबंधु' पत्राचे संपादक. जोतीरावांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, हे वाचकांस ठाऊक असेलच. लोखंड्यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी पुढे मांडली, आणि ता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने ती मान्य केली. साताऱ्याकडून व कोकणातून पोटासाठी गेलेल्या किती तरी घरांस त्या दिवसापासून आठवड्याचा एक दिवस सापडला. त्यांतील पुष्कळांचा रविवार खंडोबाचा होता. पालीचा वा जेजुरीचा देव त्यांच्या मनात होता. असू द्या. आज्ञेतील दास व दासी ह्या शब्दांपुढे त्यांचा धर्म विचारलेला नाही. आम्हांस लाज वाटावी अशी गोष्ट एवढीच की, ज्या आज्ञेचे पुस्तक आमच्या हाती होते, तिच्यातले काम दुसऱ्याने केले.

आणि हे काम संपलेले नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते, आणि बीडकडील व इतर कोरडवाहू मुलखातील ऊसतोडणी करणाऱ्यांच्या टोळ्या येऊन आपल्या शिवारांत कोपी घालितात. नवराबायको मिळून एक कोयता समजतात. मुकादमाने हंगामापूर्वी उचल दिलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्यांस सुटका नाही. पहाटे फडात उतरावे, थंडीत पाचट तुडवावी, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून गाडीत भराव्या. गाडी रात्री आली तर रात्री भराव्या. एखादा दिवस आजारपणाने काम झाले नाही तर त्यास खाडा म्हणतात, व त्याबद्दल पैसे कापून घेतात. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात सांगितलेला विसावा ज्या ठिकाणी दंडास पात्र आहे, ते ठिकाण मिसरात नसून आपल्या बांधापलीकडे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायकांत गर्भाशय काढून टाकलेल्या फार असल्याचे बोभाटे होऊन २०१९ साली सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या व दुखण्याच्या दिवसांत खाडा पडू नये, ही धास्ती त्यामागे असल्याचे त्या वेळी पुष्कळांनी सांगितले. वाकलेल्या स्त्रीस सहा दिवसांतून कोणत्याही दिवशी ये, असे निदान सांगितले तरी गेले होते. हिला सातांपैकी एकही दिवस नाही.

हे लोक आपल्या वेशीच्या आतले परके होत. आज्ञेत त्यांचे नाव स्पष्ट आहे. आपल्यांतील कोणी कारखान्याचा सभासद आहे, कोणाचा ऊस ह्या टोळ्या तोडितात, कोणी वाहतुकीच्या गाड्या चालवितो, कोणी काट्यावर नोकरीस आहे. कारखाना बंद ठेवण्याची सत्ता आमच्या हाती नाही, हे खरे. गळीत एकदा सुरू झाले म्हणजे ते रात्रंदिवस चालते, आणि तोडलेला ऊस पडून राहिला तर उतारा घटतो, हेही खरे. परंतु टोळ्या आळीपाळीने मोकळ्या ठेवता येणार नाहीत, असे त्यातून निघत नाही. दवाखाना रात्रंदिवस चालतो, तरी परिचारिकेस पाळी असते. रेल्वेही तशीच चालते. तोडणी करणाऱ्या बाईसच ती का नसावी, ह्याचे कारण यंत्रात नाही. ती मागेल त्यास ऐकणारा कोणी नाही, हे कारण आहे.

आपल्या मंडळ्यांस एवढे मोठे काम झेपेल काय, असे विचारणाऱ्यांस आम्ही लहान काम सांगतो. आधी आपापल्या घरी पाहावे. रविवारी उपासना सुटल्यावर पाहुण्यास जेवावयास आणण्याची आपली रीत चांगली आहे. पण ज्या घरी रविवारी पाहुणा येतो, त्या घरची सून उपासनेस येत नाही, किंवा आली तर शेवटची प्रार्थना होण्यापूर्वी उठून जाते. शनिवारच्या शिळ्या भाकरीवर व चटणीवर पाळकबोवांनी एकदा आनंदाने जेवून दाखवावे, म्हणजे बाकीचे शिकतील. ज्याने गडी ठेविला आहे, त्याने रविवारची मजुरी न कापता त्यास सुटी द्यावी; मजुरी कापून दिलेली सुटी गरिबास उपासाचा दिवस होते, आणि तसला उपास देवाने निवडिलेला नाही हे यशयाच्या ५८ व्या अध्यायात आहे. पाण्याच्या पाळीचे व दुधाचे ज्यांचे काम असेल, त्यांच्याकरिता संध्याकाळची उपासना ठेवावी. सकाळी दहाचीच वेळ पवित्र आहे असे कोठेही लिहिलेले नाही. आणि वहीत गैरहजेरी लिहिण्यापूर्वी वडीलमंडळाने त्या घरी एकदा कामाला जावे. बोलावयाला जाण्याची सवय आहेच.

राहिला कोपीतल्या लोकांचा प्रश्न. ह्या हंगामात ज्या मंडळीच्या शिवारात टोळी उतरली असेल, तिच्या उपदेशकाने मुकादमाची गाठ घ्यावी व आठवड्यातून निदान अर्धा दिवस बायांस मोकळा मिळेल काय, तेवढे विचारावे. ज्याच्या शेतातला ऊस असेल त्यासही बरोबर न्यावे; शेतमालकाच्या शब्दास मुकादम काही तरी मान देतो. बहुधा नाही असेच उत्तर येईल. तेव्हा पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे, आणि दरम्यान रविवारी दुपारी मंडळीतल्या चार बायांनी कोपीवर पाण्याच्या घागरी पोहोचवाव्या व लहान पोरे संध्याकाळपर्यंत सांभाळावी. फड लांब असेल तर गाडी जुंपू नये, चालत जावे. बैलांचाही तो दिवस आहे.